सोडली की सुटली? सिगारेट सोडवणाऱ्या चॅटबॉटची पार्श्वभूमी

सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या चॅटबॉटचा विषय निघाला की बहुतेक जण गोष्ट २०२२ च्या अखेरीपासून, म्हणजे चॅटजीपीटी आल्यापासून, सांगू लागतात. हे म्हणजे नाटकाला मध्यंतरानंतर येऊन बसण्यासारखे आहे.

यंत्राशी गप्पा मारण्याची कल्पना तशी १९६६ ची. अमेरिकेतला एलायझा नावाचा प्रोग्रॅम समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारी आणि लोक त्याच्यापाशी मन मोकळे करत. पण व्यसन सोडवणाऱ्या बॉटचे घराणे त्या बाजूचे नाही, ते टेलिफोनचे आहे. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये राज्यभरासाठी क्विटलाइन, म्हणजे सिगारेट सोडणाऱ्यांना फोनवरून समुपदेशन देणारी सेवा, सुरू झाली. मदतीशिवाय सोडणारे बरेच जण पहिल्या आठवड्याभरातच घसरतात, हे तिथल्या समुपदेशकांना माहीत होते. म्हणून ठरलेल्या दिवसाच्या आसपास ते दाट फोन करत, पुढे विरळ. आजचा बॉट पहिल्या दिवसांत पिच्छा पुरवतो आणि मग हळूहळू मागे सरतो, ते वेळापत्रक तिथले आहे. ‘दिवस ठरवला आहे की नुसता विचार चालू आहे?’ हा त्याचा ठरावीक प्रश्न १९८३ च्या एका मांडणीतून आला. धूम्रपान सोडणाऱ्यांच्याच अभ्यासातून तिने बदलाचे टप्पे पाडले होते. उपदेश न करता माणसाच्याच तोंडून त्याची कारणे काढून घेण्याची समुपदेशनाची पद्धतही त्याच वर्षी मांडली गेली.

खरी पायाभरणी मात्र एसेमेसच्या काळातली, आणि ती हल्ली कोणी आठवत नाही. न्यूझीलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,७०५ जण होते, बहुतेक तरुण. सल्ल्याच्या मेसेजमध्ये खेळ, फॅशन, प्रश्नमंजूषा असेही काहीबाही असे, कारण तलफ येते तेव्हा माणसाला ज्ञानापेक्षा विरंगुळा जास्त लागतो. सहा आठवड्यांनी मेसेज मिळालेल्यांपैकी २८ टक्क्यांनी सिगारेट सोडल्याचे सांगितले, न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांनी. मग ब्रिटनमध्ये ५,८०० जणांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०११ चा. पहिले पाच आठवडे दिवसाला पाच मेसेज, पुढचे २६ आठवडे आठवड्याला तीन. त्यात एक छोटी सोय होती. तलफ आली तर एक ठरलेला शब्द पाठवायचा, घसरलो तर दुसरा, की लगेच उत्तर यायचे. माझ्या मते या क्षेत्रातला पहिला उपयोगी चॅटबॉट तोच, दोन शब्द समजणारा.

या दुसऱ्या चाचणीतले आकडे १०.७ आणि ४.९ टक्के आहेत. वर २८ आणि खाली १०.७ पाहून मेसेजचा गुण ओसरला असे कोणी म्हणेल. तसे नाही. दोन्ही चाचण्या वेगवेगळी गोष्ट मोजत होत्या, आणि पुढचे सगळे वाद या एका गाठीत अडकले आहेत.

मराठीत ‘सोडली’ आणि ‘सुटली’ असे दोन शब्द आहेत. सोडली हे माणसाने सांगायचे, सुटली हे काळाने. संशोधनाला हा फरक आकड्यांत बसवावा लागला. सर्वांत सैल माप म्हणजे ‘गेल्या सात दिवसांत एकही ओढली नाही’. रविवारी संध्याकाळी विचारले तर हो आणि सोमवारी विचारले तर नाही, असे तिथे सहज होते. न्यूझीलंडचा आकडा सहा आठवड्यांचा आणि स्वतःच्या शब्दावरचा. ब्रिटनचा आकडा सहा महिने सलग सुटलेल्यांचा आणि लाळ तपासून घेतलेला.

ब्रिटनमधल्या काही संशोधकांनी २००५ मध्येच सहा निकषांची मोजपट्टी सुचवली होती. सहा महिने किंवा वर्षभराची मुदत. त्या अख्ख्या मुदतीत पाचपर्यंत सिगारेटी माफ. दाव्याची शारीरिक तपासणी. आणि सर्वांत वादग्रस्त कलम असे, की जो शेवटी हाती लागला नाही तो ओढतोच आहे असे धरायचे. मरण पावलेले आणि पत्ता बदलून नाहीसे झालेले तेवढे वगळायचे.

या कलमाचा परिणाम हिशेबात बघा. समजा, १,००० जणांनी बॉट सुरू केला, सहा महिन्यांनी ४०० जणांनी उत्तर दिले आणि त्यांतले १०० म्हणाले, सुटली. मग यश २५ टक्के की १०? बॉट विकणारा पहिला आकडा जाहिरातीत घालील, परीक्षक दुसरा धरील. फोनवरच्या समुपदेशनात गळती असते, पण तिथे पलीकडच्या माणसाची थोडी भीड असते. बॉटची भीड कोण धरणार? खिडकी बंद केली की संपले. त्यामुळे हे कलम बॉटला सर्वांत महाग पडते. विरोधकांचे म्हणणेही फेकून देण्यासारखे नाही. ज्याची खरोखर सुटली त्याला दर महिन्याला ‘कसे आहात?’ नको असते, तोही गप्प होतो. शिवाय दोन गटांतली गळती कमीजास्त असेल तर तुलनाच तिरपी होते. तरीही मी कडक मापाच्या बाजूचा आहे. गप्प बसलेल्यांपैकी किती जणांची सुटली हे बॉटवाल्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक नसलेले त्याने आपल्या खात्यात का जमा करावे?

तपासणीचीही वेगळी भानगड आहे. लाळेतला कोटिनिन हा निकोटिनचाच अवशेष काही दिवस सापडतो, पण निकोटिनची पट्टी लावणारा किंवा गम चघळणारा प्रामाणिक माणूसही त्यात नापास होतो. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड त्या माणसावर अन्याय करत नाही, मात्र दिवसभरात विरून जातो. म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवसापुरता संयम पुरतो.

यानंतरची घडामोड दाटीवाटीची आहे. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेकडून फ्लॉरेन्स नावाची बोलती, चेहऱ्याची डिजिटल कार्यकर्ती आली. त्याच डिसेंबरात व्हॉट्सॲपवर सहा महिन्यांपर्यंत सूचना देणारे आव्हान सुरू झाले आणि १० कोटी लोकांना सोडायला मदत करण्याचे लक्ष्य जाहीर झाले. लक्ष्य सोडणाऱ्यांचे होते, सुटलेल्यांचे नव्हे, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग चॅटजीपीटीमागे असतात तशी मोठी भाषा-मॉडेले आली. आधीच्या बॉटची वाक्ये कोणीतरी लिहून, तपासून ठेवलेली असत. नव्याची वाक्ये त्याच क्षणी तयार होतात. २०२३ मध्ये अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेला आपला बॉट बंद करावा लागला, कारण तो नेमक्या त्याच रुग्णांना वजन घटवण्याचे सल्ले देऊ लागला होता. विषय वेगळा, तरी धडकी सिगारेटवाल्यांनाही भरली. औषधाची मात्रा किंवा गरोदरपणातली पट्टी यांबद्दल बॉटने मनाचे सांगितले तर? २०२४ च्या एप्रिलमध्ये फ्लॉरेन्सची वारसदार सारा आली ती अशा मॉडेलवर, आणि उत्तरे नेहमी अचूक नसतील ही सूचना सोबत घेऊनच.

त्याच वर्षी जुलैमध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली जागतिक मार्गदर्शिका आली. औषधे आणि समुपदेशन यांना तिने ठाम जागा दिली. डिजिटल साधनांना सशर्त, जोडीला किंवा स्वतःच्या स्वतः वापरायला. त्या शिफारशीत मेसेज, ॲप, इंटरनेट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एकाच ओळीत बसवली आहे. तिच्याखाली पाया म्हणून जो भक्कम पुरावा आहे, तो बहुतांशी दिवसाला पाच मेसेज पाठवणाऱ्या जुन्या काळाचा आहे.