शाश्वत मासेमारीचे एमएससी प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजेच एमएससी, ही १९९७ मध्ये स्थापन झालेली संस्था शाश्वत मासेमारीचे निकष ठरवते, मात्र प्रमाणपत्र ती स्वतः देत नाही. अर्ज आणि मूल्यांकनाचे शुल्क मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रमाणन संस्थेकडे भरायचे असते.

मच्छीमारांची सहकारी संस्था, बोटमालकांची संघटना, मासळी उद्योग किंवा शासकीय विभाग अर्ज करू शकतो. त्यात माशाचा विशिष्ट साठा (म्हणजे समुद्रातील त्या माशाचा ठरावीक समूह), जाळ्याचा प्रकार, क्षेत्र आणि बोटी निश्चित कराव्या लागतात. विष किंवा स्फोटके वापरणारी, तसेच सागरी सस्तन प्राणी, पक्षी वा कासवांसारखे सरपटणारे प्राणी पकडण्यासाठीच केली जाणारी मासेमारी अपात्र ठरते. सक्तीच्या मजुरीबद्दल किंवा शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकल्याबद्दल गेल्या दोन वर्षांत दोषी ठरलेल्यांनाही अर्ज करता येत नाही.

बोटींची यादी, परवाने, साठ्याचे शास्त्रीय मूल्यमापन, उतरवलेल्या मासळीच्या नोंदी आणि नियमांच्या अंमलबजावणीचे पुरावे ही कागदपत्रे बहुधा आधीपासूनच दप्तरी असतात. खरी उणीव आढळते ती नको असताना जाळ्यात आलेल्या जिवांच्या नोंदीत. ओढत्या ट्रॉल जाळ्यात सापडलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही आणि ते गुदमरते. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण, प्रजाती आणि जीव जिवंत सोडला की मृत आढळला, हे तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, त्याच फेरीत लिहून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. अशी नोंद केल्याने अर्ज बिघडेल ही भीती मनातून काढून टाकावी, कारण वर्षभर कोरा राहिलेला रकाना परीक्षकांना अधिक खटकतो. जाळ्यात गजांची तिरपी चौकट बसवली असेल, तर मासळी गजांमधून मागच्या पिशवीत जाते आणि कासव चौकटीला अडून शेजारच्या झडपेतून बाहेर पडते. या चौकटीची छायाचित्रे व मापे अर्जाला जरूर जोडावीत.

पूर्वमूल्यांकन ऐच्छिक आणि गोपनीय असते, परंतु प्रथमच अर्ज करणाऱ्यांनी ते टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण मूल्यांकन जाहीर झाल्यावर परीक्षक प्रत्यक्ष भेट देऊन मच्छीमार, शास्त्रज्ञ आणि वन्यजीव संरक्षकांचे म्हणणे ऐकतात. त्यानंतर त्रयस्थ तज्ज्ञ अहवाल तपासतात आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. साठ्याची स्थिती, परिसंस्थेवरील परिणाम आणि व्यवस्थापन या तिन्ही तत्त्वांत स्वतंत्रपणे सरासरी किमान ८० गुण लागतात, आणि कोणत्याही एका निकषावर ६० पेक्षा कमी गुण मिळाल्यास प्रमाणपत्र नाकारले जाते. ६० ते ८० च्या दरम्यान गुण मिळालेल्या निकषाबाबत सुधारणेची अट घातली जाते.

प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांपर्यंत असून दरवर्षी फेरतपासणी होते. मासळीच्या वेष्टनावर एमएससीचे निळे चिन्ह छापायचे असल्यास पुरवठा साखळीतील व्यावसायिकांना वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते.