छोटी बेटे, मोठा खेळ: पॅसिफिकमधील रग्बी संघनिवडीचे विज्ञान

फ्रान्समधील सेंत-एतिएन येथे १७ सप्टेंबर २०२३ रोजी, रग्बी विश्वचषकाच्या साखळी सामन्यात, फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ असे हरवले. १९५४ नंतर फिजीने ऑस्ट्रेलियावर मिळवलेला हा पहिलाच विजय होता. त्या २२ गुणांपैकी १७ गुण चेंडू लाथाडून मिळाले, आणि ते मिळवणारे सिमिओने कुरुवोली व फ्रँक लोमानी हे दोघेही स्क्रम-हाफ, म्हणजे झटापटीतून निघालेला चेंडू उचलून मागच्या खेळाडूंना पुरवणारे, होते. गोलखांबांमधून चेंडू मारण्याचे काम बहुतेक संघांत फ्लाय-हाफ करतो. तोच खेळाची दिशा ठरवतो आणि चेंडू हातात ठेवायचा की लांब टोलवायचा हा निर्णयही क्षणात घेतो. फिजीचा पसंतीचा फ्लाय-हाफ केलेब मुंट्झ स्पर्धा सुरू होण्याच्या काही दिवस आधी गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर पडला होता आणि अनुभवी बेन व्होलाव्होला याला निवडकर्त्यांनी आधीच वगळले होते. तरीही फिजीने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तेथे इंग्लंडला अखेरपर्यंत झुंजवून ३०-२४ असा निसटता पराभव पत्करला.

जेमतेम नऊ लाख लोकवस्तीचा हा देश. सामोआची लोकसंख्या सुमारे दोन लाख, तर टोंगाची सुमारे एक लाख. महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्यात सहज मावेल एवढ्या लोकसंख्येच्या टोंगाने २०११ च्या विश्वचषकात फ्रान्सला १९-१४ असे हरवले आणि तोच फ्रान्स पुढे अंतिम सामन्यात खेळला. सामोआने १९९१ मध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १६-१३ असे नमवले होते. एवढ्या लहान देशांना हे कसे जमते, आणि एवढे जमत असूनही त्यांच्या वाटचालीत सातत्य का राहत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे संघनिवडीच्या गणितात बऱ्याच प्रमाणात सापडतात.

मोठ्या लोकसंख्येचा फायदा आपल्याला वाटतो तितका मोठा नसतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका देशात दहा हजार तरुण आहेत आणि दुसऱ्या देशात दहा लाख. दोन्हीकडे तरुणांची सरासरी उंची १७५ सेंटिमीटर असून ती घंटाकृती वक्राप्रमाणे विखुरलेली आहे आणि तिचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून विखुरण्याचे माप, ७ सेंटिमीटर आहे, असे धरू. विश्वचषकाच्या संघात ३३ खेळाडू असतात, म्हणून दोन्ही देशांतील सर्वांत उंच ३३ तरुण निवडू. लहान देशातील तेहतिसावा तरुण सुमारे १९४ सेंटिमीटर उंच भरेल आणि मोठ्या देशातील तेहतिसावा सुमारे २०३ सेंटिमीटर. लोकसंख्या शंभरपट झाली, पण फरक पडला फक्त ९ सेंटिमीटरचा. वक्राच्या टोकाकडे माणसे इतक्या वेगाने विरळ होत जातात की निवडीचा परीघ कितीही वाढवला तरी टोक थोडेसेच पुढे सरकते. आता लहान देशाची सरासरीच एका प्रमाण विचलनाने, म्हणजे ७ सेंटिमीटरने वर असेल, तर त्याचा तेहतिसावा तरुण २०१ सेंटिमीटरचा होईल आणि शंभरपट लोकसंख्येचा फायदा जवळजवळ पुसला जाईल.

उंचीच्या जागी खेळण्याची क्षमता ठेवली की पॅसिफिकचे कोडे बरेचसे उलगडते. फिजीत रग्बी हा गावागावांतला खेळ आहे. शाळांच्या डीन्स करंडकासाठी सारा देश मैदानाकडे लोटतो आणि मोकळी जागा दिसेल तेथे मुले चेंडू घेऊन धावतात. निवडीसाठी महत्त्वाची असते ती खेळणाऱ्यांची संख्या, आणि इथे धडधाकट मुलांपैकी फार मोठा वाटा लहानपणापासून हा एकच खेळ खेळत असतो. सात खेळाडूंच्या रग्बीत तर या देशाने जगाला धडा घालून दिला आहे. रिओ येथे २०१६ मध्ये ब्रिटनला ४३-७ असे हरवून फिजीने आपले पहिलेवहिले ऑलिम्पिक पदक मिळवले आणि तेही सुवर्ण. टोकियोत न्यूझीलंडला नमवून त्यांनी ते राखले.

शरीररचनेचाही यात वाटा आहे, पण त्याविषयी काळजीपूर्वक बोलायला हवे. उंची आणि वजन सारखे असताना पॉलिनेशियन वंशाच्या लोकांच्या शरीरात युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा स्नायूंचे प्रमाण सरासरीने अधिक आढळते. सामोआतील लोकांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना २०१६ मध्ये सीआरईबीआरएफ या जनुकाचे एक रूप सापडले. पॅसिफिक बेटांबाहेर जवळजवळ न आढळणारे हे रूप सामोआत या जनुकाच्या सुमारे एक चतुर्थांश प्रतींमध्ये आहे. ते असलेल्या व्यक्तींचे वजन सरासरीने जास्त असते, तरीही त्यांना मधुमेहाचा धोका कमी असतो. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन अशा पुरुषांच्या रक्तात कमी असते, असेही नंतर दिसून आले. पण एखादे जनुक कुणालाही रग्बीपटू बनवत नाही, आणि ‘या मुलांच्या अंगातच ताकद आहे’ हा सरसकट समज निवडीत उतरला की नुकसानच होते. ताकदीचा म्हणून ओळखला गेलेला मुलगा विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने धावण्याच्या जागेवर, किंवा चेंडूसाठी झटणाऱ्या फॉरवर्डच्या मागच्या फळीत ढकलला जातो आणि खेळ वाचण्याची, डाव आखण्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळते.

वयाचा मुद्दाही याला जोडूनच येतो. तेराव्या वर्षी दोन मुलांच्या शारीरिक वाढीत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. लवकर वाढलेला मुलगा नुसत्या वजनावर सामने जिंकतो, त्यामुळे बारीक कौशल्ये शिकण्याची गरज त्याला भासत नाही. उशिरा वाढणारा मुलगा मार खाऊन खेळ सोडून देतो. पॅसिफिक वंशाची वस्ती मोठी असलेल्या ऑकलंडमध्ये म्हणूनच मुलांचे गट वयासोबत वजनावरही पाडण्याची पद्धत रुजली आहे. कोवळ्या वयातील निवड ही पुष्कळदा गुणवत्तेची नसून वाढीच्या वेगाची निवड असते, हे प्रत्येक निवड समितीने ध्यानात ठेवायला हवे.

मग घोडे अडते कुठे? संघ म्हणजे एकाच वक्राच्या टोकावरचे ३३ खेळाडू नव्हेत. पंधरा जणांच्या संघात आठ फॉरवर्ड आणि सात बॅक असतात आणि प्रत्येक जागेची गरज वेगळी असते. विंगरला वेग लागतो, लॉकला उंची लागते, आणि या दोन्ही गोष्टी निसर्ग बऱ्याच अंशी देतो. दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटा लावतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यातील पहिल्या फळीचे, म्हणजे दोन प्रॉप आणि एक हुकर यांचे काम मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय येत नाही. बाथ विद्यापीठातील संशोधकांनी स्क्रमच्या यंत्रावर मोजमापे घेतली, तेव्हा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या आठ जणांनी धडक देताना लावलेले कमाल बल सुमारे १६ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाहून अधिक वजनाएवढे भरले. हे बल पहिल्या फळीच्या माना, खांदे आणि पाठीचा कणा यांतून जाते. पाठ किंचित वाकली किंवा पाय एक वीत मागे राहिला, तरी फळी कोसळते आणि मानेला इजा होऊ शकते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी निवडलेल्या २३ खेळाडूंत पहिल्या फळीचे किमान सहा प्रशिक्षित खेळाडू असावेच लागतात. विश्वचषकाच्या ३३ जणांत हा आकडा साधारण आठ-नऊवर जातो. म्हणजे संघाचा चौथा हिस्सा अशा कामासाठी राखून ठेवावा लागतो, जे फक्त कसलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजूनच शिकता येते. फ्लाय-हाफच्या बाबतीतही तेच आहे. त्याची निर्णयशक्ती दर आठवड्याच्या अटीतटीच्या सामन्यांतून तयार होते आणि म्हणूनच मुंट्झच्या एका गुडघ्याने फिजीची सारी आखणी बदलून टाकली.

असे सामने या बेटांवर बराच काळ नव्हतेच. व्यावसायिक क्लब होते न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, इंग्लंड आणि जपानमध्ये, त्यामुळे खेळाडूही तिकडेच गेले. फ्रेंच साखळी स्पर्धेत देशात घडलेले खेळाडू ठरावीक संख्येने खेळवावे लागतात. परदेशी मुलगा कोवळ्या वयात आणून तेथेच घडवला, तर तोही या गणतीत धरला जातो. त्यामुळे क्लबांची नजर फिजीतील शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली. न्यूझीलंडमध्ये तर स्वतःला सामोअन म्हणवणारे लोक आज दोन लाखांहून अधिक, म्हणजे सामोआतील लोकसंख्येच्या बरोबरीने आहेत. एखाद्या देशात राहून त्याच्यासाठी खेळण्याची पात्रता मिळवायला पूर्वी तीन वर्षे पुरत असत; ती मुदत आता पाच वर्षे झाली आहे.

जानेवारी २०२२ पासून जागतिक रग्बी संघटनेने आणखी एक दार उघडले. एका देशाकडून खेळलेला खेळाडू तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिला, तर तो एकदाच आपल्या, आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या जन्मदेशाच्या संघात जाऊ शकतो. या नियमामुळे २०२३ च्या विश्वचषकात चार्ल्स पियुताऊ आणि मलाकाई फेकितोआ टोंगाकडून, तर लिमा सोपोआगा आणि ख्रिश्चन लेअलीइफानो सामोआकडून खेळले. नियम न्याय्य आहे आणि तो फार आधी यायला हवा होता. पण त्यातून मिळतात ते सुटे खेळाडू, तेही बहुधा कारकिर्दीच्या उत्तरार्धात. टोंगाने त्या स्पर्धेत फक्त रुमानियाला हरवले आणि सामोआने फक्त चिलीला. टोंगाचा गट अतिशय कठीण होता आणि सामोआ इंग्लंडविरुद्ध १७-१८ असा केवळ एका गुणाने हरला, हेही सांगायला हवे, कारण चार सामन्यांवरून कोणताही ठाम निष्कर्ष काढणे गणिताला धरून होणार नाही.

फिजीने मात्र दुसरी वाट धरली. २०२२ मध्ये फिजियन ड्रुआ हा त्यांचा व्यावसायिक संघ सुपर रग्बी पॅसिफिक स्पर्धेत दाखल झाला. सामोआ आणि टोंगा यांच्याशी नाते सांगणारा मोआना पासिफिका हा संघही त्याच वर्षी आला, पण त्याचे ठाणे ऑकलंडमध्ये राहिले. ड्रुआचे खेळाडू मायदेशी राहतात, नाडी येथे सराव करतात आणि लौटोका व सुव्हाच्या उष्ण, दमट हवेत पाहुण्या संघांना दमवतात. मार्च २०२३ मध्ये त्यांनी लौटोकात क्रुसेडर्स या नामवंत संघाला २५-२४ असे हरवले. त्यांच्या महिला संघाने २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे ऑस्ट्रेलियातील सुपर डब्ल्यू स्पर्धा जिंकली. विश्वचषकातील फिजीच्या संघात ड्रुआच्या खेळाडूंचा वाटा मोठा होता. हे खेळाडू वर्षभर एकत्र सराव करत होते आणि स्क्रम-हाफ रोज त्याच माणसांना चेंडू देत होता. परदेशी क्लबांतून सामन्याच्या दहा दिवस आधी गोळा होणाऱ्या संघाला असा एकत्र घालवलेला काळ कोणत्याही शिबिरातून मिळत नाही.

पैशाची बाजू याहून अवघड आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तिकिटांचे उत्पन्न प्रथेप्रमाणे यजमान संघटनेकडे राहते. लंडनच्या भरगच्च मैदानावर खेळूनही पाहुण्या सामोआला त्यातला हिस्सा मिळत नाही, आणि सामोआची राजधानी अपियात सामना झाला तर तेथील छोटे मैदान फारसे उत्पन्न देऊ शकत नाही. सामोअन वंशाचे कितीतरी खेळाडू आपल्या संघातून खेळवणाऱ्या न्यूझीलंडने सामोआच्या भूमीवर पहिला कसोटी सामना खेळला तो थेट जुलै २०१५ मध्ये. २०२६ पासून सुरू होणाऱ्या बारा देशांच्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्ये फिजीला स्थान मिळाले आहे, ही मोठी गोष्ट आहे. सामोआ आणि टोंगा मात्र खालच्या स्तरावर आहेत. त्यातही फिजीच्या पहिल्या वर्षाच्या ‘घरच्या’ सामन्यांसाठी ब्रिटनमधील मैदाने ठरवण्यात आली. उत्पन्नाच्या दृष्टीने त्यामागचा हिशेब समजतो, पण सुव्हाच्या शाळेत प्रॉप म्हणून खेळणाऱ्या मुलाला जगातील उत्तम स्क्रम आपल्या गावच्या मैदानावर पाहता यावा, यासाठीही काही रक्कम बाजूला काढायला हवी. अपिया आणि टोंगाची राजधानी नुकुअलोफा येथे ड्रुआसारखे, खेळाडूंना घरीच ठेवणारे संघ उभे करणे हे जागतिक संघटनेचे पुढचे काम असायला हवे.