इरू: वास आणि चव एकाच चुलीवरचे

पुण्या-मुंबईच्या बागांत चेंडूफळाचं झाड तुम्ही पाहिलं असेल. लांब दांड्यांना फुलांचे गोल चेंडू लोंबत असतात. याचाच एक भाऊबंद पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यात वाढतो: पार्किया बायग्लोबोसा. पार्किया हे नाव नायजर नदीच्या काठाने भटकलेल्या मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशावरून आलं, १८२६ साली. त्या झाडाच्या बिया आंबवून स्वयंपाकात चवीला घालण्यासाठी जे बनतं, त्याला नायजेरियातले योरुबा लोक इरू म्हणतात, हौसा लोक दावादावा. माली-बुर्किना फासोत ते सुंबाला, सेनेगलमध्ये नेतेतू.

शेंगेतला पिवळा, पिठूळ गर गोड असतो, तो मुलं तशीच खातात. बी मात्र दगड. रात्रभर उकळली तरी साल सहज सुटत नाही. आपण वालाच्या डाळिंब्या चिमटीने सोलतो, तेवढे लाड इथे चालत नाहीत. राख किंवा वाळू घालून बिया उखळात कांडतात, नाहीतर पायांनी तुडवतात. धुऊन पुन्हा शिजवलं, की गरम बिया पानांवर पसरून, झाकून उबेला ठेवतात. दोन-तीन दिवसांत त्या काळपट, चिकट होतात, बोट लावून उचललं तर तार निघते. वास? जवळ्याची पिशवी उघडल्यावर शेजारी नाक मुरडतात ना, त्याच घराण्यातला.

यात विरजण बहुधा कुणी लावत नाही. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू उकळीतही तग धरतात. बाकीचे बरेचसे जंतू मरतात आणि रान मोकळं होतं. बॅसिलस प्रथिनं फोडून अमिनो आम्लं सुटी करतो. त्यातलंच एक ग्लुटामिक आम्ल. याच्याच क्षारांची मांसल, तोंडात रेंगाळणारी चव किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. पण बॅसिलस तिथे थांबत नाही. अमिनो आम्लंही तो खातो आणि त्यांतला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो. नाकात जातो तो हाच. म्हणजे चव हवी तर वास सोसायलाच हवा, दोन्ही एकाच कामातून येतात.

अमोनियामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं, सामू (pH) आठच्या आसपास जातो. दही, इडली, आंबील आंबट होऊन टिकतात, इरू नेमकं उलट्या दिशेने. जपानचा नात्तो आणि आपल्याच देशातले नागालँडचं अखुनी, सिक्कीमचं किनेमा हे या वाटेवरचे सोबती, फक्त सोयाबीनचे.

नायजेरियात इरू दोन तऱ्हांचं मिळतं: अख्ख्या दाण्यांचं इरू वोरो आणि मऊ, लगदा झालेलं इरू पेते. एवेदू हे ज्यूटच्या कोवळ्या पानांचं बुळबुळीत कालवण. त्याची पानं भांड्यातच छोट्या केरसुणीने घुसळून बारीक करतात. ही केरसुणी स्वयंपाकाचीच, तिचं नाव इजाबे. त्यात इरू पेते पडतं. तिखट रश्श्यात अख्खे दाणे तापल्या पाम तेलावर कांद्याबरोबर परततात. अमोनिया बराचसा उडून जातो, मागे भाजल्यासारखा खमंगपणा उरतो.

हल्ली बऱ्याच घरांत स्टॉक क्यूबने, म्हणजे रश्श्यात टाकायच्या तयार वडीने, इरूची जागा घेतली आहे. त्यात ग्लुटामेट, म्हणजे ग्लुटामिक आम्लाचा तोच उमामी क्षार आहे, भरपूर मीठ आहे. इरूसारखी प्रथिनं मात्र नाहीत. या झाडाच्या बिया महाग पडतात म्हणून काही जणी आता सोयाबीनचा दावादावा करतात. बॅसिलसची काही हरकत नाही.