थोरल्या भावाची धास्ती: तुर्किक देशांच्या संघटनेची पार्श्वभूमी

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ कोसळला आणि अझरबैजान, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान व तुर्कमेनिस्तान हे तुर्किक म्हणजे तुर्कीशी नाते असलेल्या भाषा बोलणारे पाच देश स्वतंत्र झाले. तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकाऱ्यात, उत्साहाला उधाण आले. ऑक्टोबर १९९२ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष तुर्गुत ओझाल यांनी सहा देशांच्या प्रमुखांची पहिली परिषद तिथे भरवली. त्यांच्या मनात सामायिक विकास बँक होती, मुक्त व्यापार होता. पाहुण्यांनी मात्र हात आखडता घेतला. मॉस्कोच्या धाकात सत्तर वर्षे काढल्यावर नवा थोरला भाऊ कोणाला हवा होता? शिवाय रेल्वे, पाइपलाइन, रूबल सारे रशियाशीच बांधलेले.

मग संस्कृतीची वाट धरली गेली. १९९३ मध्ये ‘तुर्कसॉय’ ही सांस्कृतिक संस्था निघाली. पण तिथेही लिपीची अडचण होतीच. मूळची अरबी लिपी सोव्हिएत राजवटीने विसाच्या दशकात मोडीत काढून लॅटिन आणली. १९२८ मध्ये तुर्कस्ताननेही लॅटिन घेतल्यावर दोन्हीकडचे लोक एकमेकांचे वाचू शकतील, अशी चिन्हे दिसू लागली. १९४० च्या सुमारास मॉस्कोने सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची लिपी लादली, तीही प्रत्येक प्रजासत्ताकाला थोडी निराळी. एकाच घरात तीन पिढ्या तीन लिप्या शिकल्या. ३४ अक्षरांच्या सामायिक वर्णमालेवर भाषातज्ज्ञांचे एकमत व्हायला २०२४ साल उजाडले. किर्गिझस्तान अजूनही सिरिलिकमध्येच लिहितो.

‘तुर्किक परिषद’ या नावाने संघटनेचा रीतसर करार २००९ मध्ये अझरबैजानमधल्या नखचिवानला झाला, तोही चारच देशांत. उझबेकिस्तानचे अध्यक्ष इस्लाम करिमोव्ह अंकाऱ्यावर नाराज असल्याने दूर राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१९ मध्ये तो देश आत आला. तटस्थतेचा दाखला देणारा तुर्कमेनिस्तान आजही निरीक्षकच आहे. हंगेरीही निरीक्षक आहे, हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. २०२१ मध्ये परिषदेची ‘तुर्किक राज्यांची संघटना’ झाली. युक्रेन युद्धानंतर रशियाला वळसा घालून कॅस्पियन समुद्रावरून जाणाऱ्या मार्गाचे महत्त्व वाढले, आणि माझ्या मते संघटनेला खरे बळ भाषेपेक्षा या मालवाहतुकीनेच दिले.

सायप्रसवर मात्र गाडी अडली. २०२२ मध्ये उझबेकिस्तानातल्या समरकंदला, फक्त तुर्कस्तानची मान्यता असलेल्या उत्तर सायप्रसला संघटनेचे निरीक्षकपद मिळाले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच शहरात युरोपीय संघासोबतच्या शिखर परिषदेत मध्य आशियाई देशांनी, उत्तर सायप्रसचे स्वातंत्र्य अवैध ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांना पाठिंबा दिला.