उघड्यावरच्या सायकलीचा गंज

काही महिने उघड्यावर उभ्या राहिलेल्या सायकलीकडे बारकाईने पाहिले, तर तिच्यावरचा गंज सगळीकडे सारखा नसतो. साखळी टोकापासून टोकापर्यंत तांबूस झालेली असते, चकचकीत हँडलवर मोहरीएवढे ठिपके उठलेले असतात, आणि फ्रेमवर जिथे रंगाचा टवका उडाला आहे तिथूनच गंज आत शिरलेला असतो. हा फरक का पडतो हे कळले, की गंज कशाने काढावा हा प्रश्न निम्मा सुटतो.

गंजण्याची सुरुवात पाण्याच्या एका थेंबातही पाहता येते. उघड्या पोलादावर पडलेल्या थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असल्याने हवेतला प्राणवायू तिथे सहज पोहोचतो, मध्यभागी मात्र तो कमी पडतो. या तफावतीमुळे थेंबाचा एक चिमुकला विद्युतघटच तयार होतो: मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात, ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि तिथे पाणी व प्राणवायू यांच्यापासून हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बनतात. विरघळलेले लोखंड आणि हे आयन यांची गाठ मधल्या पट्ट्यात पडते आणि तिथे तांबूस कडे उमटते. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हे प्रयोगाने दाखवून दिले. गंमत अशी, की गंज दिसतो कड्यावर, पण धातू खाल्ला जातो कड्याच्या आत. पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते आणि हाच खेळ वेगाने चालतो.

त्यासाठी पाऊसच पडायला हवा असे नाही. रात्री सायकलीचा धातू उष्णता बाहेर टाकून हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव धरते. म्हणूनच सायकलीला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवणे मला फारसे शहाणपणाचे वाटत नाही. आत कोंडलेला ओलावा दिवसाही वाळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आजूबाजूचा रंग उचलून धरतो आणि त्या फटीत पाणी साचून राहते.

हँडलवरच्या ठिपक्यांचे कारण वेगळे आहे. त्या मुलाम्यात सहसा खाली निकेल आणि वर क्रोमियमचा अतिशय पातळ थर असतो. त्यात सुईच्या टोकाहून बारीक छिद्रे राहतात, आणि तिथे उघडे पडलेले लोखंड निकेलच्या सान्निध्यात उलट जास्तच लवकर विरघळते. अशा ठिकाणी पॉलिश पेपर वापरला तर उरलासुरला मुलामाही जातो. त्याऐवजी अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. अॅल्युमिनियम क्रोमियमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने चकाकीवर ओरखडे पडत नाहीत. बोळ्याखाली करडा-काळा राप जमतो, आणि तो फडक्याने पुसला की ठिपके बरेचसे गेलेले दिसतात. छिद्रे मात्र तशीच राहतात, म्हणून वर मेणाचा हात फिरवणे आवश्यक असते.

नट, बोल्ट, वॉशर यांसारखे सुटे होणारे साधे पोलादी भाग व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात काही तास बुडवून ठेवता येतात. आम्लामुळे गंजाचे विरघळणाऱ्या क्षारांत रूपांतर होते. सायट्रिक आम्ल तर लोखंडाचे आयन धरूनही ठेवते. पण गंज संपल्यावर आम्ल खालचे लोखंड खाऊ लागते, त्यामुळे भाग विसरून राहता कामा नये. बाहेर काढलेला करडा, कोरा बोल्ट नुसता ओला ठेवला, तर थोड्याच वेळात त्यावर पुन्हा नारिंगी झाक येते. म्हणून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडा करून तेलाचे बोट लावावे. या कामात कपड्यांचे ब्लीच कधीही मिसळू नये. आम्लाबरोबर त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

साखळी मात्र आम्लात बुडवू नये. तिचे पोलाद कठीण केलेले असते आणि आम्लाच्या क्रियेतून निघणारा हायड्रोजन त्यात शिरून ते ठिसूळ करू शकतो. अशी साखळी जोर लावताना तुटण्याचा धोका असतो. वरवरचा गंज ब्रशने काढून, रॉकेलने धुऊन, वाळवून तेल द्यावे. हे तेल रिमवर किंवा ब्रेकच्या रबरांवर उडू देऊ नये. धुऊनही कड्या अडकत असतील तर साखळी बदलावी, आणि नळीच्या आत गंजलेल्या ब्रेकच्या तारांबाबतही तेच.

फ्रेमच्या आतला गंज सर्वांत फसवा असतो. सीटची दांडी काढून सायकल उलटी केली, की पुष्कळदा आतून तांबडे पाणी गळते. पेडलच्या धुरेजवळ रंगाला फोड आले असतील, तर तिथे जाड दाभणाने दाबून पाहावे. पत्रा आत दबला, तर ती फ्रेम घासूनपुसून रंगवण्याच्या पलीकडे गेली आहे आणि तिच्यावर बसू नये.