आवाज कधी येतो, ते आधी सांगा

गाडीतून नवा आवाज येऊ लागला की मालक तो तोंडाने काढून दाखवतो. टकटक, खडखड, किर्रर्र. मेकॅनिक मान हलवतो, बॉनेट उघडतो आणि त्या नकलेकडे फारसं लक्ष देत नाही. त्याचं बरोबरच असतं. धातूवर धातू आपटला की आवाज कुठूनही येवो, कानाला तो जवळपास सारखाच लागतो. सैल टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा छोटा भाग), बिघडलेला इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) आणि लांबलेली टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ साधणारी साखळी), तिन्ही ‘टकटक’च करतात. निदानाला उपयोगी पडते ती दुसरीच माहिती: आवाज केव्हा येतो, सेकंदाला किती वेळा येतो आणि काय केलं की जातो.

डिझेलची पंचाईत अशी, की धडधाकट इंजिनही टकटकतंच. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. सिलेंडरमधली हवा मूळच्या जागेच्या सुमारे सोळाव्या हिश्श्यात दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं आणि त्या तापलेल्या हवेत इंजेक्टर डिझेल फवारतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनातही इंधन असंच दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटत होतं. पण फवारलं आणि पेटलं असं होत नाही. थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळायला एखादा मिलिसेकंद जातो, आणि तेवढ्यात मागून आणखी डिझेल येऊन साठतं. मग साठलेलं सगळं एकदम भडकतं, दाब झटक्याने चढतो आणि इंजिनाचा ब्लॉक थरथरतो. डिझेलची नेहमीची टकटक ती हीच. इंजिन गार असताना पेटायला आणखी उशीर लागतो, साठा जास्त होतो, म्हणून सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर आवाज मोठा येतो. कमी सिटेन नंबरचं, म्हणजे पेटायला जास्त वेळ घेणारं, डिझेल भरलं तरी तेच होतं.

कॉमन रेल पद्धतीने (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल) हा आवाज बराच उतरवला. १९९७ साली आलेली अल्फा रोमिओ १५६ ही या पद्धतीचं डिझेल इंजिन असलेली पहिली प्रवासी कार. यात मुख्य फवाऱ्याच्या आधी एक-दोन मिलिग्रॅमचा अगदी छोटा फवारा सोडतात. तो पेटून सिलेंडर आणखी तापवतो, त्यामुळे मागून येणारं डिझेल साठून न राहता येईल तसं जळत जातं. आता समजा चारपैकी एका इंजेक्टरने हा छोटा फवारा सोडणं बंद केलं. तीन सिलेंडर आजच्या गाडीसारखे चालतील आणि चौथा जुन्या ट्रकसारखा ठोकत राहील. कॉमन रेल गाडीत अचानक सुरू झालेल्या टकटकीत पहिला संशय इंजेक्टरवर जातो तो यामुळे.

एका आवाजाला मात्र घाबरू नये. आयडलिंगचे, म्हणजे गाडी उभी असताना नुसत्या चालू इंजिनाचे, आरपीएम (मिनिटाचे फेरे) थोडे वाढलेले, आवाज जाडसर झालेला, पंखा जोरात चालू, आणि दहा-पंधरा मिनिटांनी सगळं पूर्ववत. हे काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करत असल्याचं लक्षण आहे. फिल्टरमधली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि ते मिळवण्यासाठी कॉम्प्युटर फवाऱ्यांचं वेळापत्रकच बदलतो. आवाज बदलतो तो त्यामुळे. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तो थांबलेलाही असतो.

आता मोजणीकडे वळू. मला ही निदानाची सगळ्यांत दुर्लक्षित पायरी वाटते. इंजिन ९०० आरपीएमवर आयडल करतंय असं धरा. म्हणजे क्रँक, पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, सेकंदाला १५ फेरे घेतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे साडेसात. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होतं, तेही सेकंदाला साडेसात वेळा. चार सिलेंडर मिळून ३०. तेव्हा टकटक सेकंदाला सात-आठ वेळा येत असेल तर ती व्हॉल्व्ह, टॅपेट, इंजेक्टर किंवा कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेला व्हॅक्यूम पंप यांपैकी कशाची तरी आहे. (डिझेलमध्ये ब्रेकच्या बूस्टरला लागणारी पोकळी इनटेकमधून पुरेशी मिळत नाही, म्हणून हा वेगळा पंप. त्याच्या टिकटिकीपायी निर्दोष टॅपेट बदलले जातात.) पंधरा वेळा येत असेल तर क्रँकच्या फेऱ्याशी बांधलेल्या वस्तूंकडे बघायचं: क्रँक पुली, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक). दोन्ही हिशेबांत न बसणारा आवाज बहुधा पट्ट्यावर चालणाऱ्या एखाद्या पुलीचा निघतो, कारण त्या प्रत्येकीचा वेग वेगळा असतो.

सेकंदाला साडेसात ठोके कानाने मोजता येत नाहीत, पण मोबाइलवर रेकॉर्ड करून पाव वेगाने वाजवले की सेकंदाला दोनही उरत नाहीत. मग बोटांवर मोजता येतात. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. आरपीएमचा काटा त्या वेळी कुठे होता एवढं मात्र टिपून ठेवावं लागतं.

एखादा आवाज ठरावीक आरपीएमलाच येतो आणि पुढे-मागे गेलं की गायब होतो. चार सिलेंडरच्या इंजिनाला १८०० आरपीएमवर सेकंदाला ६० धक्के बसतात. एखादा सैल पत्रा, ब्रॅकेट किंवा सायलेन्सरवरचं उष्णतारोधक कवच यांची नैसर्गिक कंपनसंख्या नेमकी ६० च्या आसपास असली की ते खणखणायला लागतं. हा अनुनाद. इंजिनाला काही झालेलं नसतं, बोल्ट आवळून काम भागतं.

यानंतर एकेक गोष्ट बंद-चालू करून पाहायची. क्लच पेडल दाबून बघा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग, आणि दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा फ्लायव्हील. डिझेल कारमध्ये बहुधा दोन तबकांचा फ्लायव्हील असतो, मधे स्प्रिंगा. त्याची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखं आहे. डिझेलचा प्रत्येक ठोका क्रँकला हिसका देतो. ज्वलनाच्या क्षणी क्रँक पुढे झेपावतो आणि लगेच मंदावतो. हे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून त्या स्प्रिंगा. त्या थकल्या की इंजिन बंद करताना शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत जोरदार खडखडाट होतो. बंद करतानाच येणारा आवाज म्हटलं की मी आधी फ्लायव्हीलचं नाव घेईन.

तेच हिसके इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला पट्ट्यालाही बसतात. अल्टरनेटरचा जड रोटर क्रँकच्या अडीच-तीन पट वेगाने फिरत असतो. क्रँक क्षणभर मंदावला तरी तो मंदावायला तयार नसतो आणि पट्टा या ओढाताणीत सापडतो. म्हणून कित्येक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एका दिशेनेच पकड घेणारी असते. दुसऱ्या दिशेला ती मोकळी सुटते. ती जाम झाली की टेन्शनरचा (पट्टा ताणून धरणाऱ्या भागाचा) दांडा आयडलिंगला थडथड उडताना चक्क डोळ्यांना दिसतो, आणि आवाज मात्र इंजिनाच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून पट्टा उतरवायचा, रोटर आतून अडवून धरायचा आणि पुली हाताने फिरवायची. एका बाजूला ती फिरली पाहिजे, दुसऱ्या बाजूला अडली पाहिजे. दोन्हीकडे अडत असेल किंवा दोन्हीकडे फिरत असेल तर गुन्हेगार सापडला. पट्टा उतरवलेलाच आहे तर आयडलर (पट्ट्याला नुसती दिशा देणारी पुली), टेन्शनर आणि पट्ट्यावरच्या इतर पुल्याही हाताने फिरवून पाहाव्यात. बेअरिंगमधला खरखरीतपणा बोटांना आधी कळतो, कानाला नंतर.

पट्टाच चिवचिवत असेल तर इंजिन चालू असताना लांबून त्याच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर पाण्याचा हलका फवारा मारतात. आवाज थोडा वेळ जाऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, उलट वाढला तर पट्टा सैल आहे.

सुरू केल्यावर पहिले दोन-तीन सेकंदच खडखड आणि मग शांतता, ही तऱ्हा टायमिंग चेनची. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो आणि रात्रभरात तो दाब उतरलेला असतो. हायड्रॉलिक टॅपेटही असंच करतात, पण त्यांची टिकटिक हलकी असते. चेनची खडखड रोज थोडी लांबत असेल तर गाडी चालवत राहू नये. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडपर्यंत (सिलेंडरच्या झाकणापर्यंत) जेमतेम जागा उरते. चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

जागा शोधायला कान बॉनेटखाली नेऊन उपयोग नाही. पोलादातून ध्वनी सेकंदाला ५००० मीटरहून जास्त वेगाने धावतो, हवेत ३४० च्या आसपास. शिवाय धातूतून हवेत शिरताना जवळपास सगळी ऊर्जा परत फिरते; हजारातला एक भागही बाहेर पडत नाही. त्यामुळे आवाज ब्लॉकभर पसरतो आणि जिथून सहज सुटता येईल अशा पातळ पत्र्यातून बाहेर येतो. म्हणून मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतो. १८१६ साली फ्रेंच डॉक्टर रेने लायनेकने स्टेथोस्कोप बनवला. गॅरेजमधल्या स्टेथोस्कोपला छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी सळई असते, एवढाच फरक. एका इंजेक्टरवरून दुसऱ्यावर, हेडच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सळई सरकवत नेली की फरक स्पष्ट ऐकू येतो. पट्टा आणि पंखा यांच्यापासून बाही, केस आणि ती सळईही लांब ठेवावी, हे वेगळं सांगायला नको.

फुसफुशीला मात्र सळई कुचकामी आहे. ती हवेतली असते, तिथे रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं फिरवायचं. गाडी चढावर ओढत नाही, काळा धूर सोडते आणि दाब वाढताना ‘हुश्श’ करते, तेव्हा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा गार करणारा भाग) यांमधला एखादा होज फाटलेला किंवा क्लिपमधून सुटलेला असतो. टर्बोचा रोटर मिनिटाला दीड लाख फेरे घेऊ शकतो, म्हणजे सेकंदाला २५००, आणि आपला कान याच पट्ट्यात सगळ्यांत तिखट असतो. बारीक शीळ त्यामुळे ऐकू येणारच. ती सायरनसारखी चढत चालली तर पाइप काढून शाफ्टची ढिलाई बघावी लागते. इंजेक्टरच्या बुडाशी ‘छक छक’ येत असेल तर तिथे टॉर्च मारून पाहा. तांब्याचा वॉशर गळत असला की ज्वलनाचा वायू निसटून इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, कडक थर जमतो. तो थर जितका जुना, तितका इंजेक्टर बाहेर काढणं अवघड.

सगळ्यांत महागडी शंका उरतेच: खणखणीत ठोका, रेस केल्यावर वाढणारा. इंजेक्टर की पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग? जुन्या गाड्यांत एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून सिलेंडर बंद पाडत आणि ठोका जातो का ऐकत. कॉमन रेलमध्ये हे कदापि करू नये. रेलमधला दाब आयडलिंगलाही २००-३०० बार असतो, लोडवर तो २००० च्या घरात जातो. त्या धारेने डिझेल कातडी भेदून आत शिरतं, आणि वरून टाचणी टोचल्याएवढी दिसणारी जखम तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. चालू इंजिनावर इंजेक्टरचा प्लगही उपटू नये, पिएझो (विजेने फुगणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या) इंजेक्टरचा तर नाहीच. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवरून एकेक सिलेंडर बंद करता येतो.

पण ठोका थांबला म्हणजे इंजेक्टरच दोषी, असंही नाही. ज्वलन थांबलं की रॉडवरचा जोरही जातो आणि ढिल्या बेअरिंगचा आवाजही उतरतो. ही चाचणी सिलेंडर दाखवते, दोषी दाखवत नाही. मग स्कॅनरवर इंजेक्टरांचे दुरुस्तीचे आकडे बघायचे: सगळे सिलेंडर सारखे चालावेत म्हणून कॉम्प्युटर कोणाला किती मिलिग्रॅम जास्त-कमी देतोय, ते त्यात दिसतं. एकाचा आकडा बाकीच्यांहून फार वेगळा असेल तर तो इंजेक्टर आणि शेजारचा यांची अदलाबदल करायची, नवे वॉशर घालून, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कोरलेला कोड नव्या जागेनुसार भरून. ठोका इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलेंडरला गेला तर प्रश्न मिटला.

तो जागचा हलला नाही तर ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून बघायचा. चकाकणारे कण दिसले की चुंबक फिरवतात, आणि काही चिकटलं नाही म्हणून लोक निश्चिंत होतात. इथेच फसगत होते. रॉडच्या बेअरिंगची पाठ पोलादाची असली तरी झिजतं ते अस्तर, आणि ते ॲल्युमिनियम-कथिलाचं किंवा तांब्याच्या मिश्रधातूचं असतं. त्याला चुंबक ओढत नाही. असे कण सापडले की इंजिन पुन्हा सुरू न करता ऑइल चेंबर उतरवायचा आणि रॉडची कॅप खोलायची. नुसतं बेअरिंग बदलून भागेल की क्रँक ग्राइंडिंगला पाठवावा लागेल, याचा पहिला अंदाज जर्नलवरून, म्हणजे क्रँकच्या बेअरिंग बसतं त्या भागावरून, आडवं नख फिरवल्यावर येतो: नख अडलं तर क्रँक बाहेर.