पुल, प्पुल, फुल: मराठी कानाने कोरियन शिकताना

कोरियन भाषेत पावाला 'प्पांग' म्हणतात. हा शब्द मुळात पोर्तुगीज असून तो जपानमार्गे कोरियात पोहोचला, आणि त्याच पोर्तुगीज शब्दापासून आपल्याकडे 'पाव' आला. म्हणजे कोरियन शिकायला बसलेल्या मराठी माणसाला एक शब्द जवळजवळ ठाऊकच असतो. अडचण एवढीच, की त्याचे पहिले व्यंजन जरा ढिले पडले तर पावाऐवजी खोली मागितली जाते, कारण 'पांग' म्हणजे खोली. या दोन शब्दांमधला फरक आपल्या कानाला पहिल्या दिवशी ऐकूच येत नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा-प्रशिक्षण संस्था कोरियनची गणना सर्वांत कठीण भाषांच्या गटात करते आणि ती शिकण्यासाठी 88 आठवडे, म्हणजे वर्गातले 2200 तास लागतात असे धरते. हा आकडा वाचून अनेक जण आरंभालाच खचतात. पण तो इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी काढलेला आहे. मराठी भाषकाच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि सोयीही वेगळ्या आहेत. उच्चारांत मराठी आपल्याला चकवते, तर वाक्यरचनेत ती इतकी उपयोगी पडते की इंग्रजीतून कोरियन शिकणे हा मला तरी द्राविडी प्राणायाम वाटतो.

आधी लिपी. जोसॉन राजघराण्यातील राजा सेजोंग याने 1443 मध्ये 28 अक्षरांची नवी लिपी तयार केली आणि 1446 मध्ये ती प्रजेसाठी जाहीर केली. तोपर्यंत कोरियात लिहिणे म्हणजे हजारो चिनी चित्राक्षरे घोकणे असे, आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. नव्या लिपीसोबत जो स्पष्टीकरणग्रंथ काढला गेला, त्याच्या अखेरीस जोंग इन-जी या दरबारी विद्वानाने लिहिले आहे की शहाण्या माणसाला ही अक्षरे सकाळ सरण्यापूर्वी येतील आणि मंद माणसालाही दहा दिवसांत शिकता येतील. हा दावा आजही फारसा खोटा ठरत नाही. आज हांगुल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लिपीत 14 मूळ व्यंजने आणि 10 मूळ स्वर आहेत.

अक्षरांच्या आकारांमागे काही तर्क आहे का, याबद्दल दीर्घकाळ नुसते अंदाज चालत. खिडक्यांच्या जाळीवरून ते सुचले, असेही काहींना वाटे. 1940 मध्ये त्या स्पष्टीकरणग्रंथाची मूळ प्रत सापडली आणि वाद मिटला, कारण त्यात कारणे स्वच्छ दिली होती. 'न' चे चिन्ह म्हणजे टाळ्याच्या पुढच्या भागाला टेकलेल्या जिभेची बाजूने दिसणारी आकृती, 'क' चे चिन्ह म्हणजे घसा अडवणारे जिभेचे मूळ, 'म' चा चौकोन म्हणजे मुख, 'स' चे दोन तिरके फराटे म्हणजे दात आणि वर्तुळ म्हणजे कंठ. ध्वनीचा जोर वाढला की आकृतीत रेघ वाढते: 'न' ला एक रेघ जोडली की 'त' होतो आणि आणखी एक जोडली की 'थ'. स्वर मात्र आकाश, पृथ्वी आणि मनुष्य या तीन कल्पनांतून, म्हणजे ठिपका, आडवी रेघ आणि उभी रेघ यांतून घडवले आहेत.

उच्चारस्थानानुसार लावलेली ही मांडणी वाचताना आपली वर्णमाला आठवल्याशिवाय राहत नाही, आणि तो निव्वळ भास नाही. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी ध्वनींची विभागणी करण्याची भारतीय पद्धत बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेली, तिचा प्रभाव तिथल्या ध्वनिशास्त्रावर पडला आणि ते शास्त्र सेजोंगने अभ्यासले होते. मात्र आपल्याकडे ही व्यवस्था क्रमात राहिली, आकारात उतरली नाही. 'क' पाहून 'ख' कसा दिसेल हे देवनागरीत ओळखता येत नाही. हांगुलची अक्षरे एकापुढे एक न लिहिता प्रत्येक उच्चारखंडाचा एक चौकोनी गठ्ठा करतात, आणि जोडाक्षरे व मात्रा यांची सवय असलेल्या डोळ्याला तो गठ्ठा उलगडायला फार वेळ लागत नाही.

कान मात्र इतक्या लवकर वळत नाही. 1964 मध्ये लेह लिस्कर आणि आर्थर अब्रामसन या भाषावैज्ञानिकांनी शब्दारंभीच्या स्पर्शव्यंजनांचे अकरा भाषांत मोजमाप केले. प, त, क यांसारखा ध्वनी काढताना ओठ किंवा जीभ सुटते तो क्षण आणि स्वरतंतू कंप पावू लागतात तो क्षण, या दोहोंमधले अंतर त्यांनी मोजले. 'ब' म्हणताना कंप आधीच सुरू झालेला असतो, 'प' मध्ये तो सुटकेच्या जवळपास सुरू होतो आणि 'फ' मध्ये हवेचा झोत जाऊन गेल्यावर. योगायोग असा, की त्या अकरा भाषांत मराठीही होती आणि कोरियनही. मराठीत प, फ, ब, भ असे चार प्रकार आढळले आणि कोरियनमध्ये तीन. चार कप्प्यांच्या माणसाला तीन कप्पे सोपे वाटावेत. पण कोरियनचे तिन्ही प्रकार शब्दाच्या आरंभी अघोष (आधी कंप सुरू न होणारे) असतात, म्हणजे आपल्या प आणि फ यांच्या परिसरात तीन ध्वनी दाटीने बसलेले असतात.

'पुल' म्हणजे आग, 'प्पुल' म्हणजे शिंग आणि 'फुल' म्हणजे गवत. तिसऱ्याची फारशी चिंता नको. 'फळ' म्हणताना ओठ नीट मिटून हवा सोडली की तो साधतो, फक्त दात ओठावर टेकवणारा इंग्रजी वळणाचा फ कटाक्षाने टाळावा. दुसरा, म्हणजे घसा आवळून काढलेला ताठ ध्वनी, आपल्या रोजच्या 'प' ला बराच जवळचा आहे. खरी पंचाईत पहिल्याची होते. त्यात किंचित हवा असते, स्वरतंतू सैल असतात आणि पुढचा स्वर खालच्या पट्टीत लागतो. सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यात तर पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या हवेचे प्रमाण जवळजवळ सारखे झाले आहे आणि भेद मुख्यतः पट्टीवर उरला आहे: खालची पट्टी असेल तर आग, वरची असेल तर गवत. एखाद्या भाषेत स्वरांच्या उंचीला अर्थ कसा चिकटत जातो, याचे हे डोळ्यांसमोर घडणारे उदाहरण असल्याने संशोधकांचे त्याकडे बारीक लक्ष आहे.

हाच सैल ध्वनी दोन स्वरांच्या मध्ये आला की घोष (कंपयुक्त) होतो, आणि म्हणून 'पाबो' (मूर्ख) या शब्दातले प आणि ब कोरियन माणसाच्या दृष्टीने एकच अक्षर असते. रोमन लिपीत पुसान लिहावे की बुसान, हा घोळ त्यातूनच झाला. 2000 साली सरकारी लेखननियम बदलले आणि नकाशांवर बुसान आले. देवनागरीत टिपणे काढली तरी हीच फसगत होते, कारण आपल्याला प्रत्येक वेळी प किंवा ब यांपैकी एक निवडावेच लागते. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर देवनागरी बाजूला ठेवावी, असा माझा आग्रह आहे. (हा लेख तो आग्रह पाळत नाही, हे वाचकांनी सोडून द्यावे.)

ध्वनींच्या बदलांत मात्र शाळेत पाठ केलेला संधी अचानक कामी येतो. वाक् आणि मय मिळून 'वाङ्मय' होते. कोरियनमध्ये रश्श्याला लिहितात 'कुक्-मुल' आणि म्हणतात 'कुङ्मुल'. तत् आणि लीन यांचे 'तल्लीन' होते; प्राचीन राज्याचे नाव 'शिन्-ला' असे लिहून 'शिल्ला' असे उच्चारतात. आभार मानताना लेखनात 'हाप्-निदा' असते, कानावर 'हाम्निदा' पडते. लिहिले एक आणि म्हटले भलतेच, अशी नवशिक्यांची तक्रार असते, पण नियम म, न अशा नासिक्याशेजारी नासिक्य आणि 'ल' शेजारी 'न' चा 'ल' इतका साधा आहे.

आता वाक्याकडे येऊ. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम मराठीसारखाच आहे, विभक्तिप्रत्यय नामाच्या मागे लागतात, आणि विषय दाखवणारा 'नुन' हा प्रत्यय पुष्कळदा 'मी तर चहा घेणार' यातल्या 'तर' सारखा वागतो. पण खरी मौज संयुक्त क्रियापदांत आहे. 'मॉगॉ बोदा' याचा शब्दशः अर्थ खाऊन पाहणे, आणि तो वापरलाही जातो चव घेऊन बघण्यासाठीच. 'मॉगॉ बॉरिदा' म्हणजे खाऊन टाकणे. यातले 'पॉरिदा' एरवी कचरा टाकण्यासाठी वापरतात. 'चॉगॉ दुदा' म्हणजे लिहून ठेवणे, 'सा जुदा' म्हणजे विकत घेऊन देणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातला प्रत्येक प्रयोग वेगळा नियम म्हणून पाठ करावा लागतो; आपल्याला तो फक्त ओळखायचा असतो. यावरून दोन्ही भाषा एका कुळातल्या आहेत असा निष्कर्ष मात्र काढू नये. मराठी इंडो-युरोपीय आहे आणि कोरियनचे मोठ्या कुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. अशी रचनासाम्ये आशियाच्या मोठ्या पट्ट्यात पसरलेली आहेत. वडिलांना कोरियन मुले 'आप्पा' म्हणतात, हा पुरावाही तितकाच लंगडा आहे, कारण बोबड्या बोलांतले असे शब्द जगभर सारखे निघतात.

फरकही आहेत. कोरियनमध्ये लिंग नाही, आणि क्रियापद कर्त्याच्या पुरुषानुसार बदलत नाही. ते बदलते ऐकणाऱ्यानुसार. मराठीत आपण तू, तुम्ही, आपण यांतून आदर दाखवतो. कोरियनमध्ये प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो दाखवावाच लागतो, मग ते वाक्य पावसाबद्दल का असेना. नवशिक्याने 'यो' ने संपणारे सौम्य आदराचे रूप आधी पक्के करावे, कारण दुकानापासून शेजाऱ्यापर्यंत ते सर्वत्र चालते. घरच्या नात्यांत आपल्याला ओळखीच्या खुणा भेटतात: एकुलता एक मुलगाही 'माझी आई' न म्हणता 'उरी ऑम्मा', म्हणजे आमची आई म्हणतो, आणि बायका नवऱ्याबद्दल 'उरी नाम्प्यॉन' म्हणतात, अगदी 'आमचे हे' या थाटात. जेवलात का, हा प्रश्न तिथेही ख्यालीखुशालीचा असतो.

नव्या ओळखीत वय विचारले जाते, त्यात भोचकपणा नसतो; वय कळल्याशिवाय मोकळेपणाने 'अरे-तुरे' करायचे की नाही हे ठरत नाही. जन्मतःच एक वर्षाचे धरण्याची आणि दर नववर्षाला एक वर्ष वाढवण्याची जुनी पद्धत सरकारी कामकाजातून 28 जून 2023 पासून हटवली गेली, पण भाषेतली गरज कायद्याने थोडीच जाते. 'चिंगु', म्हणजे मित्र, हा शब्द साधारणपणे समवयस्कालाच लावतात. म्हणून 1998 साली जन्मलेल्या मुलाची 1996 सालची मैत्रीण कितीही जिवलग असली तरी तो तिला 'नूना' म्हणतो, आणि त्याची धाकटी बहीण त्याच मैत्रिणीला 'ऑन्नी' म्हणते. मराठीत दोघांनीही तिला ताईच म्हटले असते.